प्रेमाचा एकतर्फी निकाल

रद्दी विकण्याआधी महिनाभराचा गठ्ठा एकदा चाळायची मला सवय आहे. कात्रणे काढायची असतात, आणि खरे सांगायचे तर टाकवतही नाही. गेल्या खेपेला चाळताना लक्षात आले की आजच्या मराठी दैनिकात प्रेम तीन जागी राहते. एक, फेब्रुवारीच्या मध्यावर निघणारी गुलाबी पुरवणी. दुसरी, श्रद्धांजलीच्या चौकटी. तिथे माया, ममता, जिव्हाळा, वात्सल्य हे सगळे जुने शब्द गेलेल्या आईच्या फोटोखाली दाटीवाटीने उभे असतात. आणि तिसरी, गुन्ह्यांच्या बातम्या. ही तिसरी जागा सर्वांत ऐसपैस. ‘प्रेमप्रकरणातून तरुणाचा खून’, ‘एकतर्फी प्रेमातून तरुणीवर कोयत्याने वार’. पुरवणी वर्षातून एकदा येते, कोयता आठवड्यातून दोनदा.

त्या ‘-तून’ प्रत्ययाकडे जरा बघा. विहिरीतून पाणी येते, चुलीतून धूर येतो. ‘प्रेमातून वार’ म्हणजे वार जिथून आला ते ठिकाण प्रेम होते, असे ते वाक्य सांगते. उपसंपादकाला तसे म्हणायचे नसेल, पण छापले तेच जाते.

माझे म्हणणे फार मोठे नाही. ‘एकतर्फी प्रेमातून’ ही शब्दजोडी मराठी वृत्तपत्रांनी टाकून द्यावी. ‘प्रेमप्रकरण’ वापरताना हात थोडा थांबावा. एवढेच. पण ते का, हे सांगायला जुन्या छापील कागदांतून एक फेरी मारावी लागेल, कारण या शब्दाचे हे हाल एका दिवसात झालेले नाहीत.

आधी ‘एकतर्फी’ घेऊ. हा शब्द प्रेमाच्या घरचा नव्हे, कोर्टकचेरीचा. प्रतिवादी हजर नसताना जो निकाल होतो तो एकतर्फी निकाल, एकतर्फी हुकूमनामा. वादीने मांडले ते ऐकायचे आणि रिकाम्या खुर्चीच्या विरोधात निकाल द्यायचा. आपल्या बातमीत नेमके हेच होते. ज्याने वार केला त्याच्या मनात काय होते, याला मथळ्यात जागा मिळते आणि त्याला नावही मिळते: प्रेम. जिच्यावर वार झाला तिच्या मनात काय होते, ती किती महिने रस्ता बदलून जात होती, तिने घरी सांगितले होते का, पोलिसांत गेली होती का, हे पाचव्या परिच्छेदात आले तर आले. मथळ्यापुरती ती गैरहजर.

आता जुने कागद.

आपल्या आजोबा-पणजोबांची पत्रे ज्यांनी पाहिली असतील त्यांना शेवटची ओळ पाठ असेल: ‘बहुत काय लिहिणे, लोभ असावा ही विनंती.’ घरच्या पत्रांत ती होती आणि वर्तमानपत्रांकडे येणाऱ्या पत्रव्यवहारातही होती. आज लोभ म्हटले की हाव डोळ्यांपुढे येते. त्या काळी लोभ म्हणजे समोरच्याच्या मनातली आपल्याबद्दलची ओढ, आपुलकी. तो जुना अर्थ अजून ‘लोभस’ या शब्दात तग धरून आहे; लोभस बाळ हावरे नसते. पण मला जास्त मोलाचे वाटते ते ‘असावा’. हे विध्यर्थी रूप आहे. लोभ तुमचा, तुमच्याकडे, तो असावा की नसावा हे ठरवणार तुम्ही. मी फक्त विनंती करतो. पुढे या ओळीचा निव्वळ शिष्टाचार झाला, मान्य आहे. कर्जाच्या तगाद्याच्या पत्राखालीही ‘लोभ असावा’ लिहिणारे असत. तरी त्या व्याकरणात प्रेमाचा मालक दुसरा माणूस होता.

प्रीती हा शब्द वेगळ्या वाटेने छापखान्यात आला. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ साली अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ सुरू केले. मराठी बायबलात देव जगावर प्रीती करतो आणि माणसाने शेजाऱ्यावर प्रीती करायची असते. ‘वर’ प्रीती करायची, जशी छाया धरायची. शेजारी कोणत्या जातीचा हे त्या वाक्यात लिहिलेले नव्हते आणि एकोणिसाव्या शतकातल्या नगर जिल्ह्यात ही लहान गोष्ट नव्हती. मराठी माणसाला हा विचार अगदीच नवा होता असेही नाही. ज्ञानेश्वरांनी मागितलेले ‘मैत्र’ सर्व भूतांसाठीच होते. पण देवळात म्हटलेले मैत्र आणि पाणवठ्यावरची प्रीती यांच्यात जे अंतर होते त्यावर पुढे शंभर वर्षे नियतकालिकांतून भांडणे झाली.

बोलीत तर या सगळ्याला आणखी शब्द होते. जीव जडतो, जीव लावतात, माया करतात, मन बसते, सूत जुळते. सूत जुळायला दोन धागे लागतात. ‘प्रेमात पडणे’ इंग्रजीतून आले आणि आता आपलेच झाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण इतके शब्द असताना गुन्ह्याच्या बातमीला प्रेम हाच एक शब्द का पुरतो, हा प्रश्न आहे.

वृत्तपत्रांनी नवरा-बायकोच्या नात्यावर सर्वांत जोरात भांडण केले ते रखमाबाईंच्या खटल्यावर. गोष्ट बहुतेकांना माहीत आहे, तरी थोडक्यात सांगतो, कारण माझ्या म्हणण्याचा खुंटा तिथे आहे. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. त्या माहेरीच वाढल्या, शिकल्या. पुढे नांदायला जायला त्यांनी नकार दिला. १८८४ साली दादाजींनी मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला: बायको ताब्यात मिळावी. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. जिच्या मनात नाही अशा स्त्रीला असे पाठवणे त्यांना रानटीपणाचे वाटले. अपिलात तो निकाल फिरला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की एक महिन्यात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी सांगितले, तुरुंगात जाईन. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. त्या विलायतेला गेल्या, डॉक्टर झाल्या आणि सुरत-राजकोटला त्यांनी वर्षानुवर्षे बायकांवर उपचार केले.

या सगळ्यात वर्तमानपत्र दोन्ही बाजूंना होते. रखमाबाईंनी १८८५ मध्ये मुंबईच्या एका इंग्रजी दैनिकात ‘एक हिंदू स्त्री’ अशा टोपणनावाने पत्रे लिहिली. नाव घालायची सोय नव्हती, पण नाही म्हणायला जागा मिळाली ती छापील स्तंभात. उलट बाजूला टिळक आणि त्यांचे ‘मराठा’ हे इंग्रजी साप्ताहिक होते. त्या वेळी ‘केसरी’चे संपादक होते आगरकर. सामाजिक प्रश्नांवर दोघांचे पटेनासे झाले होते. १८८७ मध्ये आगरकर बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी त्यांनी ‘सुधारक’ काढला. वाद शास्त्राचा होता, परक्या सरकारच्या ढवळाढवळीचा होता, शिकलेल्या बाईच्या ‘शेफारण्याचा’ होता. तळाशी गोष्ट एकच होती: लग्न लागले असले तरी बाईला नाही म्हणता येते का?

आगरकरांनी ‘सुधारका’त प्रियाराधनावरच लेख लिहिला. मुलामुलींनी एकमेकांना पाहावे, पारखावे, एकमेकांचे मन मिळवावे, हे त्यांनी मराठी घरांत बोलून दाखवले, आणि तेही अशा काळात जेव्हा नवरा-बायको वडीलधाऱ्यांसमोर एकमेकांशी बोलत नसत. आराधन हा शब्द मोठा नेमका आहे. आराधना करणाऱ्याला वर मागता येतो, हिसकावून घेता येत नाही.

१८९१ साली संमतिवयाचा कायदा आला आणि मुलीचे संमतीचे वय दहावरून बारा झाले. बारा! यावरून पुण्यात सभा उधळल्या गेल्या, रकानेच्या रकाने भरले. टिळक विरोधात, आगरकर आणि भांडारकर बाजूने. संमती हा शब्द मराठी वृत्तपत्रांत घरोघरी पोचला तो या वादातून, म्हणजे वयाचा आकडा म्हणून. तो मनाचा व्यवहार आहे हे कळायला पुढे फार वेळ गेला. अजून पूर्ण कळलेले आहे असे मला वाटत नाही.

आणि मग आला १८९७. इथे प्रेमाचा एक असा अर्थ वृत्तपत्रांच्या दारात येऊन उभा राहिला, की जो कोणत्याही शब्दकोशात नव्हता. ‘केसरी’तल्या मजकुरावरून टिळकांवर भारतीय दंडविधानाच्या १२४ अ कलमाखाली खटला झाला. या कलमात ज्या भावनेला गुन्हा म्हटले आहे तिचे मराठी होते ‘अप्रीती’. सरकारविषयी अप्रीती चेतवणे हा राजद्रोह. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला समजावून सांगितले की अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. द्वेष सिद्ध व्हायला हवा असे नाही. प्रेम नसले तरी पुरे. नऊ जणांच्या ज्यूरीत सहा युरोपियन, तीन हिंदी. सहा विरुद्ध तीन असा कौल आला आणि टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

यातली विसंगती मला नेहमी अस्वस्थ करते. दहा वर्षांपूर्वी दादाजींना बायकोची प्रीती कोर्टातून वसूल करून हवी होती आणि टिळकांना ते गैर वाटले नव्हते. आता सरकारला प्रजेची प्रीती कोर्टातून वसूल करून हवी होती आणि ती न दिल्याबद्दल टिळक तुरुंगात गेले. लोकमान्यांना कमी लेखण्यासाठी हे लिहीत नाही. ज्या धैर्याने ते तुरुंगात गेले त्याला तोड नाही. पण ज्याच्यावर आपले प्रेम नाही त्याच्यावर ते आहे असे म्हणायची सक्ती म्हणजे काय, हे रखमाबाईंना १८८७ मध्ये माहीत होते.

मार्च १९२२ मध्ये अहमदाबादेत गांधीजी याच कलमाखाली उभे राहिले, तेही स्वतःच्या साप्ताहिकातल्या लेखांवरून, आणि त्यांनी न्यायाधीशांना सांगितले की प्रीती कायद्याने निर्माण करता येत नाही, तिचे नियमनही करता येत नाही. सहा वर्षांची शिक्षा झाली. मला विचाराल तर विसाव्या शतकात या देशातल्या कोणत्याही कोर्टात प्रेमाविषयी याहून शहाणे वाक्य कोणी बोललेले नाही. स्वातंत्र्यानंतरही १२४ अ राहिले. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने ते थोपवून धरले आणि जुलै २०२४ पासून नव्या न्यायसंहितेत ते जुन्या शब्दांत उरले नाही. नव्या कलमाबद्दल बोलण्यासारखे खूप आहे, पण तो वेगळा लेख होईल. दादाजींचा दावा मात्र अजून जिवंत आहे. हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमाखाली नांदायला येण्याचा हुकूम आजही मागता येतो. तुरुंग गेला, दावा राहिला.

कथा-कादंबऱ्यांच्या मासिकांवर मी फार थांबत नाही. १८९५ साली ‘मनोरंजन’ निघाले, १९०९ मध्ये त्याचा पहिला दिवाळी अंक आला, आणि हळूहळू मराठी वाचकाला प्रेम हा गोष्टीचा विषय म्हणून सवयीचा झाला. शिकलेली नायिका, विधवा नायिका, बागेतली भेट, गैरसमज, पत्र. त्यात गोड गोड पुष्कळ होते. पण एक फायदा झाला. नायिकेच्या मनात काय चालले आहे हे लिहिणे लेखकाला भाग पडले. मथळा लिहिणाऱ्याला ते भाग पडत नाही.

थांबायचे ते र. धों. कर्व्यांपाशी. संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या या माणसाने जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवले. खप बेताचा, तोटा कायमचा, नोकरी आधीच गेलेली. प्रेम या शब्दाभोवतीचे धुके त्यांना अजिबात आवडत नसे. इच्छा ही इच्छा, लग्न हा करार, संतती हा तिसराच प्रश्न. या तिन्हींची गाठ मारून तिला पावित्र्याचे नाव देऊ नये, असे त्यांचे सांगणे होते. स्त्रीलाही इच्छा असते, आणि म्हणूनच तिच्या नकाराला अर्थ असतो, हे त्यांच्या लेखनातून सतत येई. वाचक अडचणी विचारत, ते उत्तरे देत. १९३१ मध्ये व्यभिचारावरील लेखासाठी त्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ मध्ये वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून पुन्हा खटला झाला. त्या वेळी त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोकांना प्रश्न पडतात, ते विचारतात, जाणकाराने उत्तर दिले तर त्यात विकृती कसली, असा त्यांचा सूर होता. खटला हरले, दोनशे रुपये दंड. अश्लील ठरले ते असे. ज्या मासिकाने बाईच्या मनाला आणि शरीराला तिचे म्हटले ते अश्लील, आणि ‘एकतर्फी प्रेमातून’ हा मात्र सभ्य मथळा, जो आपण सकाळी मुलांसमोर चहा पीत वाचतो.

जातीकडे वळलो नाही तर हा सगळा हिशेब खोटा ठरेल.

सावित्रीबाई फुल्यांचे एक पत्र आहे, २९ ऑगस्ट १८६८ चे, नायगावहून जोतिरावांना लिहिलेले. पंचांग सांगत गावोगाव फिरणारा गणेश नावाचा ब्राह्मण आणि सारजा नावाची महार मुलगी यांचे जुळले. ती सहा महिन्यांची गरोदर होती. गावाने दोघांना धरले, गल्ल्यांतून मिरवत मारायला चालवले. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रजी कायद्याचा धाक घातला, दोघांना वाचवले आणि गाव सोडायला लावून जोतिरावांकडे पाठवले. आजच्या भाषेत याची बातमी कशी झाली असती? ‘प्रेमप्रकरणातून जमावाची मारहाण’. सावित्रीबाईंच्या पत्रात मारणारे कोण, मरणार कोण आणि का, हे सारे लख्ख आहे. दीडशे वर्षांपूर्वी नायगावात बसून पत्र लिहिणाऱ्या बाईला जे दिसले ते आपल्या वार्ताहराला दिसत नाही असे मी म्हणणार नाही. त्याला दिसते. मथळ्यात उतरत नाही.

एप्रिल २०१४. नगर जिल्ह्यातल्या खर्ड्याचा सतरा वर्षांचा दलित विद्यार्थी. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो या संशयावरून त्याला हालहाल करून मारले. ‘प्रेमप्रकरणातून हत्या’ असे त्याचे वर्णन झाले. पुढे साक्षीदार फिरले, आरोपी सुटले. त्याआधी सप्टेंबर २००६, भंडारा जिल्ह्यातले खैरलांजी. आई, मुलगी, दोन मुलगे, एका घरातले चौघे ठार. सुरुवातीच्या बातम्यांत कारण आले ते ‘अनैतिक संबंध’. जमिनीचा वाद, जात, त्या बाईने दिलेली साक्ष, हे सगळे नंतर आले, आंदोलने झाल्यावर. तोवर त्या बाईच्या चारित्र्यावर छापील शिक्का बसला होता. कोर्टातही पुढे ॲट्रॉसिटीचे कलम टिकले नाही. त्या पहिल्या बातम्यांमुळे तसे झाले असा माझा दावा नाही. पण गावाने केलेल्या कत्तलीला ‘संबंध’ हे नाव पहिल्या आठवड्यात मिळाले की नंतरचा प्रत्येक माणूस त्या नावाशी झगडत राहतो, हे आपण पाहिले.

म्हणजे हा एक शब्द दोन उलट कामे करतो. जिथे प्रेम अजिबात नव्हते, होता तो निव्वळ पाठलाग, तिथे तो प्रेम आहे म्हणून सांगतो. आणि जिथे प्रेम होते, दोघांच्या मर्जीचे होते, तिथे त्या प्रेमालाच खुनाचे कारण ठरवतो आणि मारणाऱ्याची जात झाकतो. दोन्हीकडे सोय कोणाची झाली ते पाहावे.

असे का होते याचे उत्तर वृत्तपत्राच्या रोजच्या रगाड्यात आहे, कटकारस्थानात नाही. गुन्ह्यांची बातमी पोलीस ठाण्यातून येते. रात्री नऊ वाजता ठाणे अंमलदार किंवा निरीक्षक फोनवर सांगतो, ‘प्रेमप्रकरण आहे.’ त्याच्यासाठी तो एक खण असतो, कपाटातला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या तक्त्यातही खुनाच्या कारणांत ‘प्रेमप्रकरण’ हा वेगळा रकाना आहे. जमिनीचा वाद, जुने वैर, तसे प्रेम. फिर्याद एका बाजूने घाईत लिहिलेली असते. वार्ताहर तेच उचलतो, उपसंपादकाकडे दोन कॉलम आणि दहा मिनिटे असतात, आणि ‘एकतर्फी प्रेमातून’ हे शब्द तयार साच्यासारखे हाताशी असतात. मीही काही वर्षे असे मथळे दिले आहेत. त्यामुळे हात झटकून बोलायची मला मुभा नाही.

१९९० साली उल्हासनगरात दहावीच्या परीक्षेच्या वर्गात घुसून एका मुलीला जाळले गेले. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटात भर रस्त्यात एका तरुण प्राध्यापिकेवर पेट्रोल टाकून पेटवले. सातव्या दिवशी ती गेली. जाळणारा स्वतः विवाहित होता. तीस वर्षे मध्ये गेली. २०१३ साली कायद्यात ‘पाठलाग’ हा स्वतंत्र गुन्हा आला, तरी मथळा उल्हासनगरापासून हिंगणघाटापर्यंत जवळपास तसाच चालत आला.

यावर जे म्हटले जाते ते मी कार्यालयांत ऐकलेले आहे. वाचकाला कळते हो, प्रेम म्हणजे इथे काय ते. शिवाय ‘एकतर्फी’ म्हटले की तिच्याकडून नव्हते हे आलेच ना?

आले, पण कसे आले? आपल्याकडे एकतर्फी प्रेमाला एक करुण वलय आहे. गाणी आहेत, शेर आहेत, कॉलेजच्या नियतकालिकातल्या कविता आहेत. मथळा वाचताना ते सगळे त्या कोयत्याला चिकटते. बिचाऱ्याला नाही मिळाली. सहानुभूतीचा एक घोट आधीच त्याच्या वाट्याला जातो. दुसरे, यात खऱ्या एकतर्फी प्रेम करणाऱ्यांचा फार अपमान आहे. तो जमाव प्रचंड आहे. कोणाचे कोणावर जडले, समोरून हो आले नाही, म्हणून त्याने चार महिने दाढी वाढवली, मित्रांना पिडले, मग बँकेची परीक्षा दिली आणि लग्नही केले. अशा माणसाने कोणाच्या अंगावर पेट्रोल टाकले नाही. त्याचा आणि त्या खुन्याचा शब्द एकच असावा?

‘लग्नास नकार दिल्याने खून’ हा पर्याय काही दैनिकांत दिसतो. तो मला अधिकच वाईट वाटतो. त्यात कारण म्हणून तिचा नकार पुढे येतो. जणू होकार दिला असता तर वाचली असती. त्यापेक्षा जे घडले ते लिहावे. ‘पाठलाग करणाऱ्याने तरुणीला जाळले.’ ‘आंतरजातीय संबंधावरून भावांनी केला खून.’ शब्द तितकेच आहेत, जागाही तितकीच लागते. पहिल्या दिवशी कारण माहीत नसेल तर कारण लिहूच नये; खुनाची बातमी कारणाशिवायही छापता येते. अपघाताच्या बातमीत आपण ‘वेगप्रेमातून अपघात’ असे लिहीत नाही.

उरला जुन्या शब्दांचा प्रश्न. ते परत आणावेत अशी हाक मी देत नाही. जिव्हाळा आणि ममता श्रद्धांजलीच्या पानावर गेली ती कोणी हाकलली म्हणून नाही. जिवंत माणसांबद्दल असे बोलायला आपल्याला लाज वाटू लागली म्हणून. त्याला संपादक काय करणार? आणि जुना काळ प्रेमाचा होता असेही कोणी समजू नये. ‘लोभ असावा’ लिहिणाऱ्या पिढीनेच दहा वर्षांच्या मुली नांदायला पाठवल्या. पण त्या पिढीच्या नियतकालिकांत प्रेम, प्रीती, अप्रीती, संमती यांवर समोरासमोर भांडण झाले. कोणाची प्रीती, कोणाची मर्जी, नाही म्हणायचा हक्क कोणाचा, हे अग्रलेखांतून चिरफाड करून विचारले गेले. चुकीच्या बाजूनेही विचारले गेले. आज तोच शब्द दोन कॉलमी मथळ्यात कोणी न विचारता बसतो.

विषय निघाला म्हणून एक आठवण. एकोणिसाव्या वर्षी मी एका मासिकाला सात कविता पाठवल्या होत्या, सगळ्या एकाच मुलीवर, आणि त्यातली एकही त्या मुलीने वाचलेली नव्हती. सोबत माझा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट होते. तसा तेव्हा नियमच असे. तीन आठवड्यांनी तेच पाकीट परत आले. आत सातही कविता, जशा घडी घालून पाठवल्या तशाच, आणि एक छापील चिठ्ठी. ‘साभार परत.’ खाली शाईच्या पेनाने, बहुधा मदतनिसाच्या अक्षरात, ‘लोभ असावा.’ मी ती चिठ्ठी बरीच वर्षे वहीत ठेवली होती.